प्रश्न क्रमांक सतरा

अंबडला, दत्तनगरच्या तिसऱ्या गल्लीत
मी नेमकी पाण्याच्या वेळेला पोचले.
पाण्याच्या वेळी कुणी कुणाला उत्तर देत नाही,
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मथुरा गांगुर्डे म्हणाल्या, विचार,
हंडा भरेस्तोवर विचार.

मी वाचलं, शिकवलंय तसं,
शब्द इकडचा तिकडे न करता,
आवाजात आशा नको, घाई नको :
आज पाचशे रुपये घ्याल,
की एक महिन्याने सातशे?

देणार कोण?
संस्था.
आणि आणून देणार कोण?
मी.
महिन्याने तूच येशील?

माझं कंत्राट अजून बारा दिवसांचं होतं.
पुस्तिकेत लिहिलंय, उत्तरदात्याने उलट प्रश्न केल्यास
मूळ प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचावा.
मी पुन्हा वाचला.
नळ हंड्यात बोलत राहिला,
आधी पोकळ, मग जाड, मग गळ्याशी आल्यासारखा.

आजच दे, त्या म्हणाल्या,
आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

कोड एक.
कोड एकच्या पुढे, आम्हाला न दिसणाऱ्या रकान्यात
दूर कुठेतरी एक शब्द लिहिलेला असतो :
अधीर.

पावतीवर सही करायला त्या आत घेऊन गेल्या.
पेन शोधताना कॅरीबॅग उपडी झाली :
बंद पडलेल्या व्हॉल्व्ह कंपनीचं ओळखपत्र,
फंडाच्या अर्जाच्या पोचपावत्या, सोळा वर्षांच्या,
शाई उडालेल्या, तरी तारखेच्या क्रमाने लावलेल्या.
वर्षातून दोनदा जाऊन येते, म्हणाल्या,
दिवाळीच्या आधी नि उन्हाळ्यात.
साहेब बदलतात. खुर्ची तीच आहे.

पाचशेची नोट त्यांनी चार घड्या करून मुठीत धरली.
आज भिशी आहे ना.
बारा बायका. माझा नंबर शेवटचा.
चिठ्ठीत शेवटचा निघाला का? मी विचारलं,
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
नाही गं. मीच मागून घेतला.
मला काय घाई आहे?

टिप्पणीसाठी एकशे चाळीस अक्षरं मिळतात.
मी लिहिलं : अकरा जणींनंतर.
खोडलं.
लिहिलं : माणूस बघून थांबतात.
तेवढ्यात रेंज आली नि फॉर्म अर्धाच वर निघून गेला.

मुंबई नाक्यावरच्या हॉटेलात, थंडगार हॉलमध्ये
आम्हा गणकांना मागच्या रांगेत बसवलं होतं, चहाच्या टेबलाजवळ.
पडद्यावर दत्तनगर एका निळ्या खांबाएवढं झालं होतं.
शंभरातल्या अडुसष्टांना थांबवत नाही.
माणसं वाईट नव्हती ती.
एका चष्मेवाल्या मुलीने तर हात वर केला,
विचारलं, मुलाखतीची वेळ कुणी टिपली होती का?
बरं वाटलं.
अडुसष्टातली एक मला ओळखीची होती,
खांबात ती कितव्या विटेला आहे, ते दिसेना.

सातशेवाल्यांचे सातशे एकोणीस दिवस उशिरा निघाले.
तोवर माझं ओळखपत्र जमा झालं होतं.

फोन आला तेव्हा मी सिटीलिंकमध्ये उभी होते, द्वारका ओलांडून.
पोरी, समोरच्या पगारेबाईंचे सातशे आले का गं?
रोज दाराकडे बघते बिचारी.
विचारून सांगते, मी म्हटलं.
कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं.
माहीत नाही : कोड अठ्ठ्याण्णव.

बरं ऐक, त्या म्हणाल्या,
सोनवणे वहिनी ओझरला राहायला गेल्या,
भिशीत एक जागा झालीय.
येतेस का? नंबर तू सांग, कितवा पाहिजे.

बस सिग्नलला थांबली होती.
पुढच्या महिन्याचं घरभाडं, आईचा चष्मा,
नव्या कामाचा अजून न आलेला मेल,
सगळं एका ओळीत उभं राहिलं.
पहिला चालेल का? मी विचारलं.

तिकडे काहीतरी खळखळलं.
त्या हसल्या,
की नळ आला,
नीट कळलं नाही.